ठिणगीचा आगाऊपणा

पेट्रोल इंजिनाच्या चार धावा शिकवताना आपण फळ्यावर चार आकृत्या काढतो. पहिल्या आकृतीत दट्ट्या खाली येतो आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण आत खेचले जाते. दुसरीत तो वर जाऊन मिश्रण दाबतो. तिसरीत ठिणगी पडून 'स्फोट' होतो व दट्ट्या खाली ढकलला जातो. चौथीत जळालेले वायू बाहेर टाकले जातात. आकृत्या सुबक असतात आणि मुलांच्या लक्षातही राहतात. मात्र तिसऱ्या आकृतीत दोन चुका दडलेल्या आहेत. पहिली ही, की दट्ट्या माथ्यावर पोचल्यावर ठिणगी पडत नाही. तो अजून वर चढत असतानाच ती पडते. दुसरी ही, की नीट चालणाऱ्या इंजिनात स्फोट होत नाही, मिश्रण जळते.

वरवर किरकोळ वाटणाऱ्या या दुरुस्त्यांच्या पोटात सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. ठिणगी नेमकी केव्हा पडावी, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मोटार सुधारत गेली. त्याच वाटेवर एक सोपा तोडगा हाती लागला आणि त्यापायी जगभरच्या हवेत शिसे मिसळले गेले. हा इतिहास शिक्षकांनी वर्गात सांगावा असा आहे, असे आम्हाला वाटते.

ज्वालेलाही वेळ लागतो

गवताच्या गंजीला एका टोकाला आग लावली तर सारी गंजी एकदम पेटत नाही. आग या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत जाते. सिलिंडरमध्येही तसेच होते. ठिणगीभोवती ज्वालेचा इवलासा गोळा तयार होतो, तो फुगत जातो आणि ज्वालेची कड मिश्रणातून पुढे सरकत पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचते. याला सेकंदाचे काही हजारांश भाग लागतात.

हिशेबासाठी दोन हजारांश सेकंद धरू. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १० फेरे, म्हणजे ३,६०० अंश झाले. दोन हजारांश सेकंदात त्याचा दांडा ७.२ अंश फिरेल. तेच इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेऊ लागले, की तेवढ्याच वेळात दांडा ३६ अंश फिरेल. (प्रत्यक्षात वेग वाढला की आतली खळबळ वाढते आणि ज्वालाही लवकर पसरते. त्यामुळे फरक इतका मोठा राहत नाही, पण राहतो.)

आता झोक्याचा विचार करू. झोका आपल्याकडे येत असताना धक्का दिला तर तो अडतो; फार दूर गेल्यावर दिला तर हात नुसता हवेत फिरतो. परतीला नुकतीच सुरुवात झाली असताना दिलेला धक्का सर्वांत कामी येतो. दट्ट्याचेही असेच आहे. माथा ओलांडून दांडा सुमारे १५ अंश फिरला असताना सिलिंडरमधला दाब शिगेला पोचावा, म्हणजे इंधनातून सर्वांत जास्त काम मिळते. ज्वालेला वेळ लागतो म्हणून ठिणगी माथ्याच्या आधीच पाडावी लागते. गॅरेजमध्ये याला 'टायमिंग ॲडव्हान्स करणे' म्हणतात. आपण तिला आगाऊ ठिणगी म्हणू. वेग वाढला की ठिणगी अधिक आगाऊ हवी. मिश्रण विरळ असेल तर ते सावकाश जळते, म्हणून तेव्हाही ती अधिक आगाऊ हवी. थोडक्यात, ठिणगीची एकच 'बरोबर' वेळ नसते. ती वेगावर, भारावर आणि इंधनावर अवलंबून असते.

वेळ न ठरवता येणारी इंजिने

सुरुवातीच्या इंजिनांत हा प्रश्न फारसा जाणवला नाही, कारण ती संथ होती. फ्रान्समध्ये एत्येन लन्वार याने १८६० मध्ये बनवलेल्या वायू-इंजिनात विजेची ठिणगी होती, पण ती बेभरवशाची होती. जर्मनीत निकोलाउस ऑटो याने १८७६ मध्ये चार धावांचे इंजिन यशस्वी केले. त्याने वीज टाळली आणि सरकत्या झडपेतून छोटी ज्योत आत नेऊन मिश्रण पेटवले. मिनिटाला १८० फेऱ्यांच्या इंजिनाला तेवढे पुरेसे होते.

गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांना मात्र हलके आणि वेगवान इंजिन हवे होते. १८८३ च्या सुमारास त्यांनी बाहेरून तापवून लाल केलेली नळी वापरली. मिश्रण दाबले गेले की त्याचा काही भाग नळीत शिरून पेट घेई. मिनिटाला ६०० फेरे मिळाले, पण मिश्रण केव्हा पेटावे हे चालकाच्या हाती नव्हते. नळी किती तापली आहे यावर ते ठरे. कार्ल बेन्झने आपल्या १८८६ च्या तीनचाकीत विद्युतघट आणि कॉइल वापरली. मोटारीच्या साऱ्या अडचणींत प्रज्वलनाची अडचण तो सर्वांत मोठी मानत असे.

ही अडचण रॉबर्ट बॉश याच्या कारखान्याने सोडवली. इंजिनाच्याच गतीवर वीज निर्माण करणारा मॅग्नेटो त्याने १८९७ मध्ये वाहनावर बसवला. १९०२ मध्ये त्याचा सहकारी गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. आता ठिणगी खात्रीने पडू लागली, तेव्हा ती केव्हा पाडायची हा पुढचा प्रश्न उभा राहिला.

डाव्या हाताची दांडी

हा प्रश्न प्रथम चालकावर सोपवला गेला. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड मॉडेल टी मोटारीत स्टिअरिंगखाली दोन दांड्या असत. उजवी पेट्रोल कमी-जास्त करी आणि डावी ठिणगीची वेळ अलीकडे-पलीकडे सरकवी. सपाट रस्त्यावर वेग आला की डावी दांडी खाली ओढून ठिणगी आगाऊ करायची. चढण लागून इंजिन दमू लागले की ती वर नेऊन ठिणगीला उशीर करायचा. चालक कानाने इंजिन ऐके आणि हाताने वेळ लावी.

यात विसरून चालत नसे. त्या काळी इंजिन हँडल मारून सुरू करत. ठिणगी आगाऊ राहिली असेल तर मिश्रण दट्ट्या वर पोचण्याआधीच जळून दाब वाढे, इंजिन उलटा झटका देई आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट मोडे. उशिरा पडलेल्या ठिणगीने हाडे मोडत नसत; फक्त शक्ती वाया जाई आणि इंजिन तापे.

पुढे हे काम यंत्राकडे आले. ठिणग्या वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन लहान वजने बसवली गेली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जात आणि ठिणगी आपोआप आगाऊ होई. जोडीला एक पडदा असे. इंजिनाच्या शोषनळीतल्या कमी दाबावर तो चाले आणि भार हलका असताना ठिणगी आणखी आगाऊ करी. आपल्याकडच्या अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे टायमिंग लावताना मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो हाताने किंचित फिरवत. तो त्याच दांडीचा वारसा होता.

आरोपी कोण?

एक आवाज मात्र कुठल्याच दांडीने पुरता थांबत नव्हता. चढावर, भार वाढला की इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखी टणटण येई. हेच नॉकिंग. ते वाढले तर दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाई. त्याच्या भीतीने १९२० च्या सुमारास मोटारींत मिश्रण जेमतेम चारपट दाबले जाई.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० सालच्या कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारी प्रज्वलनव्यवस्था दिली आणि १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर दिला. हँडल गेले आणि मनगटे वाचली. पण गाड्या ठोकू लागल्यावर बोट दाखवले गेले ते केटरिंगच्या बॅटरी-ठिणगीकडेच. ठिणगी मागे घेतली की आवाज कमी होई, हा पुरावा वरकरणी भक्कम होता. केटरिंगने हा शोध थॉमस मिजली या तरुण अभियंत्याकडे सोपवला. मिजलीने सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख घेतला. दाबाचा तो हिंसक झटका ठिणगीच्या आधी येत नव्हता. ज्वलन सुरू झाल्यानंतर, अखेरीस येत होता. म्हणजे ठिणगी आपले काम चोख करत होती आणि तिच्यानंतर काहीतरी बिघडत होते.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो स्वतंत्रपणे याच प्रश्नामागे होता. केंब्रिजला बर्ट्राम हॉपकिन्सन यांच्या हाताखाली त्याची सुरुवात झाली आणि १९१९ पासून चालत्या इंजिनातही दाबाचे प्रमाण बदलता येईल अशा खास इंजिनावर त्याने इंधने तपासली. त्याने मांडलेले स्पष्टीकरण आजही मान्य आहे. ज्वालेची कड पुढे सरकते तेव्हा तिच्यामागचा तप्त वायू फुगतो आणि पुढचे न जळलेले मिश्रण कोपऱ्यात दाबतो. दाबलेला वायू तापतो. ज्वाला तिथे पोचण्याआधीच तो पुरेसा तापला, तर ठिणगीविना सारा एकदम पेट घेतो. पाठ्यपुस्तकातला 'स्फोट' खरोखर घडतो तो इथे, आणि तो इंजिनाचे काम करत नाही, नासधूस करतो.

नॉकिंग म्हणजे अशी शर्यत आहे: ज्वाला आधी पोचते की कोपऱ्यातला वायू आधी पेटतो? ही शर्यत ज्वालेने जिंकावी याचे दोन मार्ग आहेत. पहिला, ठिणगी थोडी उशिरा पाडायची, म्हणजे दाब व तापमान तितके चढत नाही. दुसरा, सहजी पेट न घेणारे इंधन वापरायचे. पहिल्या मार्गाने थोडी शक्ती गमवावी लागते. दुसऱ्याने ती गमवावी लागत नाही, उलट मिश्रण आणखी दाबता येते.

या लोभाला शास्त्रीय आधार होता. आदर्श चक्राच्या सूत्रानुसार मिश्रण चारपट दाबले तर उष्णतेपैकी सुमारे ४३ टक्के, आणि आठपट दाबले तर सुमारे ५६ टक्के उष्णता कामात बदलू शकते. खऱ्या इंजिनात आकडे बरेच कमी येतात, पण चढ तोच राहतो. तेल लवकर संपेल अशी भीती त्या काळी अमेरिकेत होती. त्यामुळे हा केवळ वेगाचा हव्यास नव्हता, काटकसरीचाही प्रश्न होता.

शिशाचा तोडगा

मिजलीने दुसरा मार्ग धरला. लाल रंगाचे इंधन उष्णता लवकर शोषेल अशा कल्पनेने त्याने १९१६ मध्ये आयोडीन घालून पाहिले. ठोका थांबला. रंगाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण चिमूटभर रसायनाने ज्वलनाची चाल बदलते हे कळले. पुढे शेकडो पदार्थ तपासून ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हाती आले. लिटरमागे एक ग्रॅमहून कमी शिसे पुरे होई. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतील डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोल प्रथम विकले गेले.

अल्कोहोल मिसळल्यानेही नॉकिंग थांबते, हे मिजली आणि केटरिंग यांना ठाऊक होते. त्यांनी स्वतः ते तपासले होते. पण अल्कोहोल बरेच मिसळावे लागे, आणि ते कोणालाही गाळता येण्याजोगे असल्याने त्यावर एकाधिकार मिळणार नव्हता. शिशाचे संयुग थेंबभर पुरे आणि त्याचे पेटंट घेता येई.

शिसे विषारी आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील स्टँडर्ड ऑइलच्या बेवे कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले आणि तीसहून अधिक जणांना बाधा झाली. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. हार्वर्डच्या ॲलिस हॅमिल्टन आणि येलचे यांडेल हेंडरसन यांनी कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की प्रश्न कारखान्यातल्या कामगारांपुरता नाही. धुराड्यातून रस्त्यावर पडणारे शिसे हळूहळू सर्वांच्या अंगी भिनेल. पण नेमलेल्या समितीला थोड्या महिन्यांच्या पाहणीत तसा ठोस पुरावा मिळाला नाही आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. सावकाश होणाऱ्या इजेचा पुरावा थोड्या महिन्यांत मिळणे शक्यच नव्हते, हे इथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

किंमत कोणी मोजली?

हा पुरावा वेगळ्याच दिशेने आला. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ उल्केतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय मोजत होता. ४५५ कोटी वर्षे हा आकडा त्याने १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. मोजमापात त्याला सतत एक अडथळा येई. प्रयोगशाळेतल्या हवेत, धुळीत, कपड्यांवर, सगळीकडे शिसे होते. त्याचा माग काढत १९६५ मध्ये त्याने दाखवून दिले, की आजच्या माणसाच्या शरीरातले शिसे निसर्गतः असायला हवे त्याच्या सुमारे शंभरपट आहे. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त होते, त्यांची बुद्ध्यंक-चाचणीतील आणि वर्गातील कामगिरी कमी भरली. त्या मुलांपैकी कोणीही शिशाच्या विषबाधेने 'आजारी' म्हणून नोंदलेले नव्हते.

गंमत अशी, की अमेरिकेत शिसे मागे हटू लागले ते प्रथम मुलांसाठी नव्हे. १९७५ च्या मोटारींत धूर शुद्ध करणारे प्लॅटिनमचे उत्प्रेरक आले आणि शिशाचा थर बसून ते निकामी होत, म्हणून बिनशिशाचे पेट्रोल आणावे लागले. त्याचा लाभ मात्र माणसांना झाला. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकनांच्या रक्तात दर डेसिलिटरला सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसे होते. १९८८ ते १९९१ मध्ये ते २.८ वर आले. पेट्रोलमधून आणि अन्नाच्या डब्यांच्या डाखातून शिसे गेल्याचा हा परिणाम होता. भारतात बिनशिशाचे पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आले आणि २००० मध्ये देशभर. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली.

ऐकणारे इंजिन

शिसे काढल्यावर नॉकिंग परत आले. अमेरिकेतील कंपन्यांनी प्रथम दाबाचे प्रमाण दहाच्या घरातून आठच्या घरात उतरवले. मग पहिल्या मार्गाकडे, म्हणजे ठिणगीच्या वेळेकडे, नव्याने पाहिले गेले. या वेळी हाताशी इलेक्ट्रॉनिक्स होते.

त्याची पूर्वतयारी १९३४ मध्येच झाली होती. एम.आय.टी.मधील चार्ल्स ड्रेपर याने दाखवले, की नॉकिंगचा आवाज म्हणजे सिलिंडरमध्ये या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटणाऱ्या दाबलहरींचा नाद आहे. (हाच ड्रेपर पुढे अपोलो यानांच्या मार्गदर्शन यंत्रणेसाठी प्रसिद्ध झाला.) घडा लहान असला की त्याचा नाद उंच लागतो, तसेच इथे. नऊ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये हा नाद साधारण ६,००० हर्ट्झचा येतो. नाद ठरलेला असेल तर यंत्राला तो ओळखता येईल. १९७७ च्या ओल्डस्मोबिल टोरोनाडोत ठिणगीची वेळ मायक्रोप्रोसेसर ठरवू लागला. १९७८ च्या टर्बो ब्यूइकमध्ये इंजिनाच्या ठोकळ्यावर कंपने टिपणारा संवेदक बसला. ठोका ऐकू येताच ठिणगी काही अंश मागे घ्यायची आणि मग हळूहळू पूर्ववत करायची, असे हे तंत्र. मॉडेल टीच्या चालकाचे कान आणि हात आता सेकंदाला कित्येक वेळा काम करू लागले.

आज इंजिनाच्या संगणकात ठिणगीचा एक पाढाच असतो. उभ्या बाजूला वेग, आडव्या बाजूला भार आणि प्रत्येक चौकटीत अंश. अमेरिकेतील काही पिकअप ट्रकांत चांगल्या आणि हलक्या पेट्रोलसाठी असे दोन पाढे असतात. जड ओझे ओढण्यासाठी इंजिनात बदल केलेल्या ट्रकांचे हे पाढे लॅपटॉपवर नव्याने लिहून देणे हा तिथे एक व्यवसायच झाला आहे. त्यातले जाणकार एक नियम पाळतात. ठिणगी एकेक अंश आगाऊ करत गेले की पीळबल आधी वाढते, मग वाढ मंदावते आणि माथ्यापाशी आलेख जवळजवळ सपाट होतो. तिथे आणखी दोन अंशांनी हाती काही लागत नाही, पण नॉकिंग मात्र दोन अंशांनी जवळ येते. म्हणून सर्वाधिक पीळबल देणारी सर्वांत कमी आगाऊ ठिणगी निवडायची. फळ मिळून चुकल्यावर केलेला आगाऊपणा अंगाशी येतो.

अल्कोहोलचेही पुनरागमन झाले आहे. २०२५ पर्यंत भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली आणि महाराष्ट्रातील साखर कारखाने त्याचा मोठा पुरवठा करतात. इथेनॉल नॉकिंग रोखते. पण लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते आणि उसाला पाणी लागते. प्रत्येक तोडग्याची किंमत असते. ती कोण मोजणार, हे आधी विचारायला हवे.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना अंश-वेळेचा वरचा हिशेब १,५०० आणि ४,५०० फेऱ्यांसाठी करायला द्यावा आणि मग विचारावे: ठिणगी एकाच जागी पक्की केली, तर कोणत्या वेगाला इंजिनाचे नुकसान होईल? वरच्या वर्गाला पुढचा प्रश्न द्यावा. १९२५ च्या समितीत तुम्ही असता, तर पुरावा नाही म्हणून परवानगी दिली असती, की पुरावा मिळेपर्यंत थांबवले असते? पहिल्या प्रश्नाला एक उत्तर आहे. दुसऱ्यावर वर्गात भांडण होईल, आणि ते होऊ द्यावे. मात्र शेवटी फळ्यावरच्या तिसऱ्या आकृतीकडे परत यावे, 'स्फोट' हा शब्द पुसून तिथे 'ज्वलन' लिहावे आणि दट्ट्या माथ्याच्या किंचित खाली काढावा.